मदत हवी आहे: एका ब्लेडच्या सात दाढ्या व्हायच्या, आता तीनसुद्धा होत नाहीत

वाघोलीत_नवा

नमस्कार मंडळी,

विषय किरकोळ आहे, पण रोज सकाळी गालाची आग होते, त्यामुळे मला तरी तो मोठा वाटायला लागलाय.

गेली अकरा वर्षं मी जुन्या पद्धतीच्या मशीनने दाढी करतो. म्हणजे वरची टोपी उघडायची, दोन्ही बाजूंना धार असलेलं ब्लेड ठेवायचं आणि दांडा पिळून घट्ट करायचं. नोकरीला लागल्यावर काही वर्षं कार्ट्रिजवाला रेझर वापरला. एका कार्ट्रिजच्या पैशांत आपल्या साध्या ब्लेडची पाकिटंच्या पाकिटं येतात हे एकदा लक्षात आलं आणि वडिलांचं पितळी मशीन माळ्यावरून काढलं. तेव्हापासून तेच.

कोथरूडला राहत होतो तेव्हा एक ब्लेड सात दिवस आरामात चालायचं. मी पाकिटाच्या मागे पेनाने रेघा मारतो (हसा), त्यामुळे आकडा अंदाजाने सांगत नाहीये. दाढी रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. जूनमध्ये आम्ही वाघोलीला नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि तेव्हापासून तिसऱ्या दाढीलाच ब्लेड केस खेचायला लागतं. गालावर निभावतं एक वेळ, पण हनुवटीखाली आणि ओठाच्या वर चक्क उपटल्यासारखं होतं. मानेवर पुळ्या आल्यात.

करून पाहिलेले उपाय: ब्लेडचा ब्रँड तीनदा बदलला. कुठले ते सांगत नाही, ब्रँडचं नाव घेतलं की इथे धाग्याची वाट लागते. क्रीम बदललं. ब्लेडची निगा तर पूर्वीपेक्षा जास्तच राखतो. दाढी झाली की ब्लेड काढून, पंच्यात चिमटीने धरून कोरडं करतो, खोबरेल तेलाचं बोट लावतो आणि मशीन कपाटात ठेवतो. तरीही तीन म्हणजे तीनच.

माझं चुकतंय कुठे? आणि साधं ब्लेड किती दाढ्या चालायला हवं?

सांजवारा

पाच ब्लेडचं पाकीट पंचवीस रुपयांना धरलं तर ब्लेड पाच रुपयांचं. सात दाढ्यांच्या हिशेबाने महिन्याला साडेएकवीस रुपये, तीनच्या हिशेबाने पन्नास. फरक साडेअठ्ठावीस. एवढ्यासाठी धागा? टाका की नवीन ब्लेड!

वाघोलीत_नवा

पैशांचं नाही हो. सात चालणारी गोष्ट तीनवर येते म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय, आणि ते कळत नाही याचा त्रास जास्त आहे. बाकी साडेअठ्ठावीस रुपयांत एक वडापाव येतोच, तोही सोडायचं कारण नाही.

भिंगरी_७१

वाघोली म्हटल्यावर पहिला प्रश्न: पाणी कुठलं? आमच्या बहिणीकडे तिथे टँकर आणि बोअर असं मिश्रण येतं. गिझरची कॉइल दर वर्षी बदलते ती. नळाच्या तोट्यांवर पांढरे थर बसतात.

वाघोलीत_नवा

बोअरचंच आहे, उन्हाळ्यात टँकर. सोसायटीतल्या एकाकडे टीडीएस मोजायचं यंत्र आहे, त्यात नऊशेच्या पुढे आकडा आला होता. तोट्यांवर थर आहेत. पण पाण्याने ब्लेडची धार कशी जाईल?

भिंगरी_७१

धार पाण्याने जात नाही, फेसामुळे जाते. म्हणजे फेस न झाल्यामुळे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते साबणाला धरून न विरघळणारी राड तयार करतं, बादलीच्या कडेला करडी चिकट रेघ दिसते ना, तीच. दाढीचं क्रीम म्हणजे शेवटी बहुतेक साबणच. त्यातला बराचसा पाण्यातल्या क्षारांशी लढण्यात संपतो आणि उरलेल्याचा फेस होतो. असा फेस गालावर बसेपर्यंत वाळतो. मग ब्लेड कोरड्या खुंटांवरून चालतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच, त्यात मीठही आलं. पाणी जड किती ते कॅल्शियम-मॅग्नेशियमवर ठरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि जडपणाची २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी वेगवेगळी दिलेली आहे. तुमच्या तोट्यांवर थर बसतात म्हणजे जडपणा आहेच, त्याला यंत्र नको.

दाढीपुरतं एक भांडंभर आरओचं पाणी घ्या. ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा. चेहरा धुवायला नळाचं चालेल.

आपला_नाना

आमच्या वेळी एक ब्लेड महिनाभर चालायचं. काचेच्या ग्लासात आतून थोडं पाणी लावून ब्लेड बोटाने दाबून अर्धगोल फिरवायचं, पंचवीस वेळा या बाजूने, पंचवीस वेळा त्या बाजूने. धार परत. तुम्ही लोक चार दिवसांत फेकता.

वाघोलीत_नवा

नाना, आमचे वडीलही हेच म्हणतात! ते आता आमच्याकडेच राहायला आलेत. ब्लेड पुसून तेल लावायची शिस्त त्यांनीच लावली. कोथरूडला मी नुसतं नळाखाली धरून ठेवून द्यायचो, ते पाहून चिडले. "पाणी राहिलं की गंज चढतो, ब्लेड पुसायची अक्कल नाही एवढी नोकरी करून."

धातुवेडा

थांबा थांबा. म्हणजे जूनमध्ये तुमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या: पाणी बदललं आणि पुसायला लागलात. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही पुसणं 'उपाय' म्हणून लिहिलंत, म्हणून सगळे पाण्यामागे लागले.

एक काम करा. तो पंचा उजेडाकडे धरून बघा आणि मग मी पुढे लिहितो.

वाघोलीत_नवा

आत्ताच खिडकीसमोर धरला. एका कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, बारीक उभ्या चिरा आहेत. काही आरपार, काहींचे नुसते धागे तुटलेले. मोजल्या. सतरा. मला वाटलं होतं पंचा जुना झालाय.

धातुवेडा

सतरा वेळा तुमच्या ब्लेडने सुती कापड कापलंय, तेही धारेवर आडवा जोर येईल अशा रीतीने, चिमटीत धरून. म्हणजे रोज दाढी करून झाल्यावर तुम्ही पंच्याचीही थोडी दाढी करता.

जरा सविस्तर लिहितो, कारण नाना आणि तुमचे वडील दोघेही बरोबरच आहेत, फक्त वेगळ्या ब्लेडबद्दल.

जुनी ब्लेडं कार्बन स्टीलची होती. सकाळी वापरून ओली ठेवली की संध्याकाळी तपकिरी डाग. त्यांना पुसणं, तेल लावणं, ग्लासात घासणं यात अर्थ होता. धार उघड्या पोलादाची होती. गंजली तर संपली, थोडी वाकली तर घासून सरळ करता यायची. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेसची ब्लेडं बाजारात आणली आणि बाकीच्यांना मागोमाग यावंच लागलं. आज कोपऱ्यावरच्या दुकानात जे मिळतं ते जवळपास सगळं स्टेनलेस.

या ब्लेडची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. पोलादात साधारण तेरा टक्के क्रोमियम, त्यामुळे गंजाला सहज दाद देत नाही. धारेचं टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. त्यावर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिशय पातळ मुलामा, आणि सगळ्यात वर पीटीएफई. तोच, नॉनस्टिक तव्यावर असतो तो. केसातून ब्लेड सुळकन जातं ते या थरामुळे. बऱ्याच जणांना दुसरी दाढी पहिलीपेक्षा मऊ लागते, तेही या थराचा जास्तीचा भाग पहिल्या दिवशी निघून जातो म्हणून, असं म्हणतात.

आता सांगा, नॉनस्टिक तव्याला तुम्ही तारेची घासणी लावाल का? पंचा म्हणजे तुमच्या धारेची तारेची घासणी. ग्लासही तेच.

मग दाढीने तरी धार का जाते? केस तर पोलादाहून साधारण पन्नास पट मऊ. यावर एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये लेख छापला. त्यातला एक स्वतःच्या दाढ्या करून, ती ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसला होता (पीएचडीसाठी माणूस काय काय करतो). धार हळूहळू झिजून गोल होत असेल असा आपला समज असतो. त्यांना दिसलं ते वेगळंच: धारेचे बारीक टवके उडतात, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढे. तेही सगळीकडे नाही. केस धारेला तिरका येतो, त्याला वाकायला मोकळीक असते आणि नेमका त्याच जागी पोलादाच्या आतल्या रचनेत कठीण आणि मऊ भागांची सांध असते, तिथे टवका उडतो. एक उडाला की शेजारचा उडणं सोपं होतं.

यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं: केस जितका ओला, मऊ आणि जागच्या जागी, तितका ब्लेडवर जोर कमी. तुमच्याकडे फेस वाळतोय आणि वर पंचा आहे. तीन दाढ्या झाल्या हेच नशीब.

पिरॅमिड_पॉवर

पुठ्ठ्याचा पिरॅमिड करून त्याखाली ब्लेड उत्तर-दक्षिण ठेवा. आपोआप धार येते. याचं चक्क पेटंट आहे.

धातुवेडा

आहे. चेकोस्लोव्हाकियात १९५९ साली कारेल द्र्बाल नावाच्या गृहस्थांना मिळालं, क्रमांक ९१३०४. पण पेटंट मिळालं म्हणजे धार आली असं होत नाही. ब्लेड त्याखाली एक दिवस वाळतं, तेवढा फायदा कपाटातही मिळतो.

सांजवारा

पेटंटचा विषय निघालाच आहे तर: किंग कॅम्प जिलेटचं अमेरिकन पेटंट १९०४ चं. त्याच्या आदल्या वर्षी, विक्रीच्या पहिल्याच वर्षात, त्यांची एकूण ५१ मशिनं आणि १६८ ब्लेडं खपली होती. आणि त्याची सगळी जाहिरात कशावर होती? चामोटी नको, सहाण नको, धार गेली की ब्लेड टाका. त्या बिचाऱ्याने फेकायची म्हणून वस्तू काढली आणि सव्वाशे वर्षांनी आपण ती पुरवून पुरवून कशी वापरायची यावर धागे काढतोय.

आपला_नाना

फेकायची अमेरिकेत. आमच्या घरी ब्लेडने आधी दाढी, मग पेन्सिली, मग आईचं उसवणं, असा त्याचा प्रवास असायचा.

धोकटीवाला

आमचं घरचं सलून आहे, साताऱ्याला. आजोबा धोकटी घेऊन घरोघर जायचे, त्यांचा वस्तरा आणि चामोटी अजून आहे. चामोटी वस्तऱ्याला लागते कारण त्याचं पोलाद जाड, धार किंचित वळते, ती चामड्यावर ओढून सरळ करायची. धातुवेडा साहेबांनी सांगितलंय ते बरोबर, ब्लेडला चामोटी नाही.

सलूनमध्ये आम्ही ब्लेड कागदासकट मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात घालतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. त्यामुळे पुरवून वापरायचा अनुभव कामावरचा नाही, स्वतःच्या दाढीचा आहे. तरी हाताखालून रोज पंधरा-वीस दाढ्या जातात त्यावरून सांगतो.

ब्लेड खराब नसतं, घाई खराब असते. फेस लावला आणि लगेच हात मारला तर खुंट कोरडाच असतो. आधी ओला हात फिरवा, मग ब्रशने फेस, आणि ब्रश नुसता फासायचा नाही, गोल गोल फिरवायचा, दोन मिनिटं तरी. हनुवटीवर जास्त. खुंट उभा राहतो आणि पाणी पितो. मग सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने. दुसरा फेस लावल्याशिवाय उलटा हात मारायचा नाही, आणि पुळ्या असतील तर मानेवर उलटा हात मारायचाच नाही.

दुसरं, दाब. मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. तुमचं तर पितळी आहे म्हणता, मग दांडा खाली धरून नुसतं घसरू द्यायचं. कार्ट्रिजची सवय असलेले लोक दाबतात. दाबलं की ब्लेडही जातं आणि कातडीही सोलते. दांडा गालापासून साधारण तीस अंशांवर. नाही कळलं तर टोपी गालाला टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणा, ब्लेड लागायला लागेल तिथे थांबा.

तिसरं, केस अडकले म्हणून मशीन बेसिनच्या काठावर ठोकता का? ठोकू नका. दांडा अर्धा पीळ सैल करा, नळाखाली धरा, सगळं वाहून जातं. परत घट्ट करा.

वाघोलीत_नवा

ठोकतो. बेसिनच्या काठाला कोपऱ्यात टवका आहे तो माझाच. फेसही जेमतेम अर्धा मिनिट.

भिंगरी_७१

अजून एक बघा. आपण नकळत एकाच बाजूने जास्त दाढी करतो. उजव्या हाताचा माणूस मशीन उचलतो ते रोज त्याच बाजूने. एक धार म्हातारी, दुसरी कोरी, आणि आपण म्हणतो ब्लेड गेलं. काही ब्लेडच्या कोपऱ्यांवर १, २, ३, ४ आकडे छापलेले असतात ते कशाला, तर कुठली बाजू वापरली ते कळावं म्हणून. नसतील तर दांड्याच्या टोकाला नखरंगाचा ठिपका द्या आणि एक दिवस आड बाजू फिरवा. आमच्या ह्यांच्या मशीनला लाल ठिपका आहे.

डॉ_खेडेकरीण

डॉक्टर म्हणून दोन ओळी. ब्लेड खेचायला लागलं की आकडा पूर्ण करायचा म्हणून चालवू नका. मानेवरच्या पुळ्या बऱ्या होईपर्यंत दाढी एक दिवस आड करा, आणि पू दिसला तर दाखवून घ्या. वडिलांचं ब्लेड तुम्ही किंवा तुमचं त्यांनी वापरू नका. नुसतं धुऊन भागत नाही, हिपॅटायटिस बी असा पसरू शकतो.

आणि नाना, जुन्या ब्लेडच्या प्रवासात पायाचं कुरूप कापणं येतं का? मधुमेही लोक हे करतात आणि मग माझ्याकडे येतात. ते तेवढं सोडा.

आपला_नाना

येत होतं. सोडलं.

न्यूजर्सीकर

वापरलेल्या ब्लेडचं काय करता? इथे आमचं १९५०च्या दशकातलं घर आहे. बाथरूमच्या औषधांच्या कपाटाला मागे एक चीर होती, ब्लेड तिच्यातून टाकायचं, ते सरळ भिंतीच्या पोकळीत. गेल्या वर्षी भिंत तोडली तेव्हा गंजलेल्या ब्लेडचा ढीग बाहेर आला. मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला, जणू मीच टाकली होती.

भिंगरी_७१

भिंत नको, डबा घ्या. पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर, भरला की चिकटपट्टी लावून वर 'ब्लेड' लिहायचं आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळा द्यायचा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या बायका हातांनी कचरा वेगळा करतात. सुट्टं ब्लेड पिशवीत टाकलं की त्यांची बोटं जातात.

वाघोलीत_नवा

चार आठवड्यांनी परत येतोय. धातुवेडांनी बोट ठेवलं होतं की दोन गोष्टी एकदम बदलल्या, म्हणून या वेळी एकेक करून पाहिलं. ब्लेड सगळी एकाच पाकिटातली.

पहिली दोन ब्लेडं: पाणी बोअरचंच, फक्त पुसणं बंद. दाढी झाली की पीळ सैल, नळाखाली, दोन झटके, मशीन बाथरूमच्या बाहेर खिडकीत उभं. ब्लेड काढायचंच नाही. पाच दाढ्या आणि पाच दाढ्या.

पुढची दोन: तेच, पण फेसाला आरओचं पाणी आणि ब्रश दोन मिनिटं. फरक पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसला. पूर्वी फेस साबणाच्या पाण्यासारखा पातळ, बुडबुडे मोठे. आता ब्रश उभा राहील असा, दह्यासारखा. सात आणि सहा. सहावालं अजून एक गेलं असतं, पण डॉक्टरीणबाईंचा धाक.

मग पाचवं ब्लेड मुद्दाम, सगळं तसंच ठेवून फक्त पंचा परत. चौथ्या दाढीला खेचलं. थांबलो.

पाच ब्लेडांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मान्य. पण मला माझं उत्तर मिळालं. पाणी थोडं दोषी, पंचा जास्त. बेसिनवर ठोकणं बंद केलंय, नखरंगाचा ठिपका दिलाय, तुरटी फिरवतो, मानेवरच्या पुळ्या गेल्या.

सगळ्यांचे आभार. सांजवारा, साडेअठ्ठावीस रुपये वाचले, वडापाव तुमच्याकडून उधार.

धातुवेडा

छान केलंत. आणि वडील?

वाघोलीत_नवा

त्यांना पंचा उजेडात धरून दाखवला. चिरांवरून बोट फिरवलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हल्ली पंच्याचं कापडच हलकं येतं."